तपकिरी रेघ

१४ ऑक्टोबर

धाकट्यास,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहितात. तो मी तूर्त राखून ठेवला आहे. सात वर्षांनंतर तुला लिहिण्याची वेळ माझ्या इच्छेने आलेली नाही, तेव्हा जिव्हाळ्याला फाटा देऊन घडलेल्या गोष्टी क्रमाने मांडते. वाचतानाही हाच क्रम ठेव. मधली पाने गाळून शेवटावर उडी मारण्याची तुझी खोड जुनी आहे.

पहिली गोष्ट. तुझी बायको आमच्या वाचक मंडळाची सभासद आहे. दर रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या माडीवर मंडळ भरते. तू तो जिना रागाने उतरून गेलास, त्यानंतरही ती तो चढत राहिली.

दुसरी गोष्ट. मंडळात एका पुस्तकाची एकच प्रत सर्वांच्या हातून फिरते. प्रत्येकाला एका रंगाची पेन्सिल नेमून दिलेली आहे आणि अख्ख्या पुस्तकात प्रत्येकाने एकच वाक्य अधोरेखित करायचे असते. प्रत फिरून परत आली की बैठकीत ती वाक्ये वाचली जातात आणि ज्याचे त्याला निवडीचे समर्थन करावे लागते. तिची पेन्सिल तपकिरी.

तिसरी गोष्ट. ग्रंथालयाच्या जिन्यावर प्रत्येक पायरीला एक वय दिलेले आहे. सर्वांत खालची पायरी पाच वर्षांची, सर्वांत वरची नव्वदीची. त्या त्या वयाने काय वाचावे याची शिफारस कार्डावर लिहून पायरीला लावायची, हे काम गेली तीन वर्षे तिच्याकडे आहे.

चौथी गोष्ट. बालविभागात साहाय्यकाची जागा रिकामी झाली. मी तिचे नाव सुचवले, समितीने ते एकमताने मान्य केले. नेमणुकीचे पत्र टपालाने तुमच्या पत्त्यावर गेले. तिने एक तारखेला रुजू व्हायचे होते.

पाचवी गोष्ट. ती रुजू झाली नाही. त्यानंतरच्या दोन्ही बैठकांना आली नाही. फिरती प्रत तिच्याकडे अडकून पडली आहे. फोन लावला की तू उचलतोस आणि माझा आवाज ओळखताच खाली ठेवतोस.

गोष्टी संपल्या. आता त्यांवर माझे मत.

नेमणूक नको असेल तर तसे कळवण्याइतकी रीतभात तिच्यात आहे. तिच्या वाचनाविषयी माझे मत फारसे बरे नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगितले आहे. पण दिलेल्या शब्दाची ती पक्की आहे. बैठकीला उशीर झाला तर धापा टाकत येऊन आधी माझी माफी मागते आणि मग बसते. मुले तिला खारूताई म्हणतात, कारण कपाटापुढे उभी राहिली की ती झोळी फुगेपर्यंत पुस्तके भरते. आमच्यात एक निवृत्त फौजदार आहेत. परीकथांखेरीज काही वाचत नाहीत. ते तिला दर खेपेस विचारतात, "काय खारूताई, हिवाळ्याची बेगमी का?" आणि ती म्हणते, "करून ठेवलेली बरी, काका. हिवाळा काही सांगून येत नाही."

अशी बाई न सांगता थांबणार नाही. थांबली असेल, तर तिला थांबवले आहे. कोणी, हे विचारण्याइतकी मी भोळी नाही. तुला तिने नोकरी करणे पसंत नसेल. तुझ्या पसंतीला मंडळात मत नाही.

प्रत परत पाठव. तिला बैठकीला पाठव. अडचण असेल तर ती दोन ओळींत लिहून कळव.

— ताई

२७ ऑक्टोबर

धाकट्यास,

प्रत पोहोचली. उत्तम बांधाबांध, कोपरे दुमडलेले नाहीत, दोरीची गाठ बरोबर मध्यावर. ती तुझी बांधाबांध आहे. लहानपणी शाळेच्या पुस्तकांना तू असेच कागद चढवत असस. सोबतचा टंकलिखित कागदही वाचला. त्यावर खाली तिचे नाव आहे, सही नाही.

कागद म्हणतो: "पुस्तक एका बैठकीत वाचून संपवले. कथा कुठेही खंडित होत नाही. इंजिनिअरची आई शेवटी पूल ओलांडते तो प्रसंग हृदयस्पर्शी आहे. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे यापुढे वेळ मिळेलसे वाटत नाही."

आता शांतपणे वाच.

नदीवर पूल बांधणाऱ्या इंजिनिअरची ही कादंबरी आमच्याकडे आली तीच सदोष. बांधणीत सोळा पाने गहाळ आहेत. एकशे बाराव्या पानावर इंजिनिअर कंदील घेऊन पुलाकडे निघतो आणि पुढचे पान उघडावे तर त्याची अंत्ययात्रा चालली आहे. दुकानदार प्रत बदलून देत होता. मी मुद्दाम घेतली नाही. गहाळ पाने मी दुसऱ्या प्रतीवरून माझ्या हाताने उतरवून काढली आणि माझ्यापाशी ठेवली. जो खरोखर वाचतो, तो तिथे पोहोचला की माझ्याकडे धावत येतो. मंडळातल्या दंतवैद्यबाई तर दवाखान्यात पेशंटला तोंड उघडे ठेवून बसवून मला फोन करत्या झाल्या: "अहो, हा मेला कसा?" फौजदारांनी खून गृहीत धरून दोन संशयितही पक्के केले होते.

आणि तुझ्या बायकोने, जिने मुलांच्या गोष्टीतला ससा शेवटी घरी पोहोचतो का हे कळेपर्यंत जेवण केले नव्हते असे फौजदारांची सून सांगते, तिने "कथा कुठेही खंडित होत नाही" असे लिहिले?

ते पुस्तक तिने वाचलेले नाही. तूही वाचलेले नाहीस. तू पहिली काही पाने आणि शेवटचे पान पाहिलेस. सात वर्षांपूर्वी भर बैठकीत तू एका पुस्तकावर सुंदर भाषण केलेस, आणि मी फक्त एवढेच विचारले की शेवटच्या प्रकरणात धाकट्या मुलाचे काय होते. तू टोपी उचललीस आणि गेलास. माझा प्रश्न रास्त होता. आजही रास्त आहे: मधल्या पानांचे काय झाले?

दुसरे. शेवटच्या पानावर तपकिरी पेन्सिलीने एक वाक्य अधोरेखित केले आहे. रेघ पट्टीने ओढलेली आहे. तिची रेघ मला पाठ आहे. ती डावीकडे खाली सुरू होते, मध्येच अक्षरांना जाऊन भिडते आणि शेवटी शेपटीसारखी वर उडते. बैठकीत तिची रेघ दिसली की कोणी ना कोणी म्हणतेच, "खारीची शेपटी आली." जन्मभर नकाशे काढणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाचा हात मात्र पट्टीशिवाय चालत नाही.

तू तिची पेन्सिल वापरलीस. ती तुला कशी मिळाली? ती पेन्सिल ती कायम कानामागे खोचून हिंडते, भाजी चिरतानासुद्धा.

उत्तर तिने द्यावे. टंकलेखन नको.

— ताई

७ नोव्हेंबर

धाकट्यास,

तू उत्तर दिले नाहीस म्हणून मी आले. काल जे बोलणे झाले ते इथे लिहून ठेवते; पुढे तू त्याचा वेगळा पाठ सांगू नयेस, एवढ्यासाठी.

तू दार साखळीइतके उघडलेस.

"ताई? तू इथे?"

"आत घेणार आहेस, की दारातच उभी ठेवणार?"

"ती नाहीये. माहेरी गेलीय. तिच्या आईला बरं नाही."

"केव्हा गेली?"

"झाले की दहाबारा दिवस."

"मला कळवलं नाहीस."

"का कळवायचं? हजेरी घेतेस का घरोघरची?"

मी पाणी मागितले. सख्ख्या बहिणीला पाणी नाकारण्याइतका तू अजून सुधारलेला नाहीस. साखळी काढलीस आणि स्वयंपाकघरात गेलास. मी बैठकीच्या खोलीत उभी राहिले. खोली नेहमीसारखी, म्हणजे कोणी राहत नसल्यासारखी स्वच्छ. पडद्यांच्या घड्या सारख्या. कपाटातली पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली, विषयाप्रमाणे नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला मागच्या खोलीचे दार दिसत होते. त्याला नवी कडी बसवली आहे. कामाची सफाई पाहून मला, खरे सांगायचे तर, बरेच वाटले. प्रत्येक स्क्रूची खाच एकाच दिशेला. घरात एवढे नीटनेटके काम करणारी माणसे उरली नाहीत.

फडताळावर तिचा चष्मा होता.

"चष्मा विसरून गेली वाटतं," मी म्हटले.

"दुसरा आहे तिच्याकडे."

"दुसरा नाही. हाच एक आहे, काडीला दोरा बांधलेला. याच्याशिवाय तिला दुकानाची पाटी वाचता येत नाही."

"ताई, माझ्या घरातल्या वस्तू मोजायला येऊ नकोस." तू पेला माझ्या हातात दिलास, पण सोडला नाहीस. "तुमच्या त्या मंडळानं वाट लावली तिची. आधी कशी नीट होती. हल्ली जेवताना मध्येच हसायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, काही नाही, एक वाक्य आठवलं. कुणाचं वाक्य? कुठलं? सगळी गल्ली तिला हाका मारते. खारूताई म्हणे! माझ्या बायकोला!"

"मुलं प्रेमानं म्हणतात."

"मला ठाऊक आहे मुलं काय म्हणतात. पाणी पी आणि नीघ."

मी पाणी प्यायले आणि निघाले. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. तू आठ वर्षांचा होतास. शेजारच्या मुलीने तुझे चित्रांचे पुस्तक मागितले. तू दिले नाहीस, रडलास आणि म्हणालास, "वाचलं की पुस्तक खराब होतं." ते पुस्तक तू कागदात बांधून माळ्यावर ठेवलेस, आणि मग तूही कधी वाचले नाहीस. मी हा प्रसंग मंडळात विनोद म्हणून अनेकदा सांगितला आहे. सगळे हसतात. ती मात्र कधी हसल्याचे मला आठवत नाही.

घरी येऊन मी तिच्या माहेरी फोन लावला. तिचा भाऊ बोलला. म्हणाला, "आई? आई ठणठणीत आहे हो, ही काय समोर वाटाणे सोलतेय. आमची ताई इकडे आलीच नाही. का? काय झालं?"

मी त्याला "पत्ता चुकला असेल" असे काहीतरी सांगितले. मी खोटे बोलत नाही, तुला ठाऊक आहे. मला बोलायला लावलेस.

तुझ्या बायकोचा पत्ता काय आहे? परतीच्या टपालाने कळव.

— ताई

१३ नोव्हेंबर

धाकट्यास,

तुझा दुसरा टंकलिखित कागद आला. तिचा मंडळाचा आणि नेमणुकीचा राजीनामा. खाली सही आहे आणि सहीखालीही पट्टीची रेघ आहे. मी तो स्वीकारत नाही.

आज सकाळपासून मी माडीवर एकटी बसले आहे. कारण सांगते. वर्षअखेरच्या बैठकीत आमच्याकडे एक प्रथा आहे. वर्षभर फिरलेली सगळी पुस्तके काढायची आणि एकेका रंगाची वाक्ये सलग वाचायची. माणसाने वर्षभर काय शोधले ते त्यातून कळते, असे माझे प्रतिपादन आहे. दंतवैद्यबाईंची हिरवी वाक्ये सगळी जेवणाची निघतात. फौजदारांची लाल वाक्ये सगळी राजकन्यांची. ती बैठक डिसेंबरात असते. मी तपकिरी वाक्ये आजच काढली.

वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दीपगृहाची कादंबरी वाचली. त्यात वादळ आहे, बुडणारे जहाज आहे, समुद्रावर तर अशी काही पाने आहेत की मी ती विद्यार्थ्यांना शिकवली असती. तिने खूण केलेले वाक्य: "त्या दिवसापासून वरच्या खोलीचे दार बाहेरून लावले जाऊ लागले."

दंतवैद्यबाई म्हणाल्या, "काय हो खारूताई, एवढा समुद्र सोडून तुम्हाला दार सापडलं?"

ती हसली. "मला आपली साधीच वाक्यं कळतात."

उन्हाळ्यात वाळवंटातल्या प्रवासाचे पुस्तक होते. तिचे वाक्य: "तिथे सगळ्या किल्ल्या एकाच्याच कमरेला असतात." फौजदार म्हणाले, "उंट नाही, वाळू नाही, किल्ल्या! तुम्ही माझ्या खात्यात शोभला असता." त्यावरही ती हसली.

मग मुलांसाठीची अस्वलाची गोष्ट, जी आम्ही सर्व वयांच्या मंडळींनी एकत्र वाचली. तिचे वाक्य: "ससा म्हणाला, अस्वल झोपलेय तोवरच बोल."

आणि सप्टेंबरात मधमाश्यांवरचे पुस्तक. "बाहेरून पाहणाऱ्याला पोळे नेहमी शांतच दिसते."

त्या बैठकीत समारोप मी केला. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण मी ते घरून तयार करून आणले होते. मी म्हणाले, "निवड ही वाचकाची परीक्षा असते. तपकिरी पेन्सिल आपल्याला वर्षभर सपाट वाक्ये देत आली आहे. ही वाक्ये अनुभव देत नाहीत. केवळ माहिती देतात."

निदान अचूक होते. ती माहितीच देत होती.

आठ वर्षांच्या मुलांपासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत, महिन्यामागून महिने, आम्ही सगळे गोल बसून ती माहिती मोठ्याने वाचत होतो आणि तिच्या शैलीवर चर्चा करत होतो. तिने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिले होते, मला वाटले, माझे बोलणे तिला टोचले. मला त्यात समाधानही वाटले असावे. ते मी इथे लिहिते, कारण हे पत्र अपुरे ठेवायचे नाही.

मग मी जिन्यावर गेले आणि तिची कार्डे पाहिली. सात वर्षांच्या पायरीवर लिहिले आहे: "अंधाराला भिणाऱ्यांसाठी. हे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे, म्हणजे खोलीत कोणीतरी असेल." सत्तरीच्या पायरीवर: "ज्यांना वाटते की आपल्याला सगळे कळते, त्यांनी सावकाश वाचावे." माझे वय अडुसष्ट आहे. आणि तिच्या स्वतःच्या वयाच्या पायरीवर: "या वयासाठी पुस्तक मिळाले नाही. शोध चालू आहे." हे कार्ड लागले तेव्हा मी तिला कामचुकारपणाबद्दल बोलले होते.

आता कडीकडे येते. दाराला कडी आतून असते. मी तुझ्या हॉलमध्ये उभी होते, पाण्याच्या पेल्याची वाट पाहत, आणि मला स्क्रूच्या खाचा दिसत होत्या. त्या मला दिसाव्यात अशा बाजूला होत्या. जिन्यातून. बाहेरून.

मी कामाची सफाई पाहिली, धाकट्या. मी वाक्य पाहिले आणि शैली वाचली.

तू माझा भाऊ आहेस. आई गेली तेव्हा तुझी बोटे माझ्या हातात धरून मी तुला अक्षरे गिरवायला शिकवली. रेघेवर लिही, रेघेबाहेर जाऊ नकोस, हे मीच सांगितले. त्या नात्याने तुला एक दिवस देते आहे असे लिहिणार होते. फौजदारांना सगळे सांगितले. त्यांनी परीकथेचे पुस्तक मिटले, चपला घातल्या आणि म्हणाले, "बाई, असे एक-एक दिवस मी फार पाहिलेत. एकही दिवस देऊ नका."

म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

— ताई

त्याच दिवशी, दुपारी

धाकट्यास,

हा कागद आणि सकाळचे पत्र तुझ्या दाराखालून आत सरकवली आहेत. दार ठोठावून झाले. तू आत आहेस. बैठकीच्या खोलीतला पडदा हलला, आणि तुझ्या घरातले पडदे वाऱ्याने हलत नाहीत.

स्थिती पुढीलप्रमाणे आहे. फौजदारांनी ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवली आहे. तिच्या भावाला या वेळी खरे ते सांगितले; तो सकाळीच निघाला आहे. ठाण्यातली माणसे वाटेत आहेत. मागच्या गल्लीत दंतवैद्यबाईंचे पती गाडी आडवी लावून उभे आहेत. एरवी ते पुस्तकाला हात लावत नाहीत, पण आज विचारल्याबरोबर आले.

मंडळाची आजची बैठक तुझ्या पायऱ्यांवर भरली आहे. जो सभासद सलग बैठकांना येऊ शकत नाही, त्याच्या घरी मंडळ जाते, हा आमचा नियम आहे. आजारी माणसांसाठी केला होता. आम्ही जिन्याच्या क्रमानेच बसलो आहोत. नव्वदीचे आजोबा तुझ्या उंबऱ्याशी, खुर्चीवर. त्यांच्या खालोखाल बाकीचे. मुलांना आणू नये असे फौजदारांचे मत पडले आणि ते रास्त होते. मुले घरी आहेत. त्यांच्या जागी खालच्या पायऱ्यांवर त्यांनी लिहिलेली कार्डे ठेवली आहेत. सगळी एकाच वयासाठी आहेत, तिच्या. शब्द जवळपास सारखे, शुद्धलेखन भयंकर. त्यातले एक इथे उतरवते: "वय अट्टेचाळीस. हे पुस्तक घरी वाचू नये. ग्रंथालयात येऊन आमच्या शेजारी बसून वाचावे." शुद्धलेखन मी दुरुस्त केलेले नाही.

आम्ही पुलाच्या कादंबरीतली गहाळ सोळा पाने वाचत आहोत. पाळीपाळीने, मोठ्याने. शेजारची माणसे गॅलरीत आली आहेत. एक बाई म्हणाली, "आम्हाला वाटायचं, फार शांत घर आहे." आवाज मागच्या खोलीपर्यंत पोहोचावा म्हणून फौजदार वाचतात तेव्हा उभे राहून वाचतात. तिला अजून कळलेले नाही इंजिनिअर कसा मेला ते. कोणाही वाचकाला असे मध्येच अडकवून ठेवणे मला मान्य नाही.

प्रत्येक पानाच्या शेवटी आम्ही थांबतो आणि ऐकतो. आतापर्यंत वरून काही आलेले नाही. मग पुढचे पान घेतो.

आता तू काय करायचे ते लिहिते. वर जा. कडी काढ. तिला चष्मा दे. दाराखालून आत आलेल्या या कागदांत एक नवी तपकिरी पेन्सिल आहे, टोक मी काढले आहे. ती तिच्या हातात दे आणि तिच्यापासून दूर हो. दार उघडून तिला घेऊन आलास तर आणखी एका शब्दाचीही गरज नाही. ते तुला झेपत नसेल, तर मला तिच्याकडून उत्तर हवे.

ते लेखी हवे. तोंडी निरोप, तुझी शपथ, टंकलेखन, पट्टीची रेघ यांतले काहीही चालणार नाही. सपाट वाक्य चालेल. एकच शब्द चालेल. शब्द जमत नसेल तर नुसती रेघ चालेल, डावीकडून खालून निघालेली आणि शेवटी वर उडालेली. ती मला शंभर रेघांत ओळखू येते.

आमची चार पाने उरली आहेत. ती संपायच्या आत याच दाराखालून, तिच्या हातचे.

— ताई